टॅकल किती हवेत?

प्रश्न : सर, मोबाइलवर रग्बी लीग (तेरा-तेरा गड्यांची रग्बी) पाहतो. पाच वेळा सरळ धडक, मग किक. डोकं चालवून चढाई व्हावी असे नियम करता येणार नाहीत का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, बदल झालेत की! टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं; ठरलेले टॅकल संपले की चेंडू समोरच्या संघाला जातो. 1966 पर्यंत टॅकलला मर्यादाच नव्हती. एकच संघ चेंडू दाबून बसायचा. मग चार, पुढे सहा झाले. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या गड्याला रेंगाळत दाबून ठेवलं की पेनल्टीऐवजी सहा टॅकल नव्याने मिळू लागले. वेग वाढला, कल्पकता वाढलीच असं नाही. मला 40/20 किक आवडते : आपल्या 40 मीटरच्या आतून मारलेला चेंडू टप्पा घेऊन समोरच्या शेवटच्या 20 मीटरमध्ये बाजूला बाहेर गेला, तर ताबा आपलाच. त्या धाकाने समोरचा विंगर (कडेचा गडी) मागे थांबतो, पुढे फट पडते. अमळनेरला कबड्डी शिकवताना मी पोरांना हेच सांगतो, कोपरारक्षक हलला की घुसा.