वाचकांचे प्रश्न : फाइल नेमकी कुठे अडली?

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी भाड्याच्या उबुंटू सर्व्हरवर सांभाळतो, त्यावर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर (संकेतस्थळाकडे येणारी मागणी आधी घेणारा प्रोग्राम) आणि फॉर्म हाताळणारी पीएचपी आहे. जुन्या अंकांच्या पीडीएफ चढवताना एक एमबीपेक्षा लहान फाइल सहज जाते, मोठी असली की ४१३ क्रमांकाची त्रुटी येते. पीएचपीची मर्यादा ६४ एमबी करूनही फरक पडला नाही. फोल्डरला ७७७ परवानगी द्यावी, असे एकाने सुचवले आहे. द्यावी का?

उत्तर : कृपा करून देऊ नका. ७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरील प्रत्येक वापरकर्त्याला आणि प्रत्येक प्रोग्रामला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा, आणि तुमची अडचण परवानगीची नाहीच. ४१३ चा अर्थ इतकाच की पाठवलेला मजकूर सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठा आहे. तुमच्या बाबतीत हा नकार एन्जिनएक्सकडून आलेला दिसतो, कारण त्याची मूळ मर्यादा बरोबर एक एमबी असते. म्हणजे फाइल पीएचपीपर्यंत पोहोचतच नव्हती, मग तिथली मर्यादा कितीही वाढवली तरी उपयोग कसा होणार? एन्जिनएक्सच्या मांडणीत (कॉन्फिगरेशनमध्ये) 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' ही ओळ घालून ७० एमबी करा, मांडणी तपासून घ्या आणि मग ती पुन्हा लोड करा.

त्यानंतरचा अडसर अधिक फसवा आहे. पीएचपीत 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' ही एका फाइलची मर्यादा (मूळ २ एमबी), तर 'पोस्ट मॅक्स साइझ' ही संपूर्ण फॉर्मची (मूळ ८ एमबी). तुम्ही पहिलीच वाढवली असेल, तर आठ एमबीच्या पुढे फाइलच नव्हे, तर तिच्यासोबत भरलेले शीर्षक आणि वर्षही नाहीसे होते आणि प्रोग्रामला फॉर्म रिकामाच आल्यासारखा वाटतो. फाइलमागे त्रुटीचा क्रमांकही येत नाही, म्हणून माणसे उगाच आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. दुसरी मर्यादा पहिलीपेक्षा थोडी मोठीच हवी : ६४ ला ७०.

बदल कोणत्या फाइलमध्ये केला, हेही पाहा. उबुंटूवर पीएचपीच्या मांडणीच्या फाइली दोन ठिकाणी असतात : एक 'सीएलआय' फोल्डरात, टर्मिनलसाठी, आणि दुसरी 'एफपीएम' फोल्डरात, संकेतस्थळासाठी. टर्मिनलमध्ये ६४ दिसले म्हणून संकेतस्थळाला ६४ मिळाले असे होत नाही. एफपीएमची फाइल बदलून ती सेवा पुन्हा सुरू करावी लागते.

एवढे करूनही फाइल जागेवर पोहोचली नाही आणि सर्व्हरच्या नोंदींमध्ये (लॉगमध्ये) 'परमिशन डिनाइड' दिसले, तरच परवानगीकडे वळा. उबुंटूवर पीएचपी बहुधा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वापरकर्त्याच्या नावाने चालते. अपलोडचा फोल्डर त्याच्या मालकीचा करून ७५५ (लिहिण्याची मुभा फक्त मालकाला) ठेवला की पुरते. त्या फोल्डरात आलेली पीएचपी फाइल चालवली जाणार नाही, अशी सोय मात्र त्याच वेळी करून घ्या. वाचकांच्या हातात अपलोडची सोय देणाऱ्या संकेतस्थळाने ही काळजी टाळू नये.

प्रश्न : लहानशीच पीडीएफ, पण मराठीत लांबलचक नाव दिले की चढत नाही आणि इंग्रजीत तेवढेच लांब नाव चालते. असे का?

उत्तर : लिनक्सवर (उबुंटू हा त्याचाच एक प्रकार) फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षर एक बाइट घेते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात. 'ग्रंथालय' हा शब्द चार अक्षरांचा दिसतो, पण त्यात आठ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट. ८५ चिन्हांपर्यंत नाव मावते. अंकाचे पूर्ण नाव, महिना आणि संपादकांचे नाव एकत्र लिहिले की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. मराठी शीर्षक डेटाबेसमध्ये पूर्ण जपावे आणि डिस्कवर फाइलला सर्व्हरनेच तयार केलेले छोटे नाव द्यावे. उतरवून घेताना वाचकाला मराठी नावच दिसेल, अशी व्यवस्था करता येते आणि ती जरूर करावी.