एका वाटीत सगळ्यांनी का नाही?

प्रिय चिऊ,

तुझा निरोप वाचला. इथून नेलेल्या पाकिटातलं कांद्याचं डिप तू बेळगावला, वडगावच्या घरी भावंडांसाठी केलंस, मधोमध मोठा बाऊल ठेवलास, आणि कुणी चिप बुडवायच्या आत आजीनं डावानं ते छोट्या वाट्यांत वाढून ज्याच्या त्याच्यापुढे ठेवलं. आता तुला दोन गोष्टी हव्यात: आजीला ते आवडलं नाही म्हणून तिनं असं केलं का, आणि आपल्यात कांद्याचं असं काही करतच नाहीत का?

आवडलं नसतं तर तिनं स्वतःची वाटी भरून घेतलीच नसती. आजी नको असलेल्या पदार्थाला तोंडावर नको म्हणते, हे तुला माहीत आहे.

तिनं केलं ते असं. आपल्याकडे पान वाढताना डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर येते. चटणी घरात एकाच भांड्यात वाटलेली असली तरी ताटात प्रत्येकाची वेगळी. भाकरीचा तुकडा त्यात बुडवायचा, दह्यात बुडवायचा, परत चटणीत बुडवायचा, कितीदाही. हात आपल्याच ताटात फिरतो म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण ज्या भांड्यातून सगळ्यांना वाढायचं, त्यात तोंडाला लागलेला घास जाता कामा नये. गेला की ते सगळं उष्टं झालं, मग ते पाहुण्याला देता येत नाही आणि देवापुढेही ठेवता येत नाही. वाढणारा हातही म्हणूनच कोरडा, स्वच्छ लागतो. समोरच्या कन्नड काकूंच्या घरीही हेच पाळतात. तू त्यांच्याकडे जेवशील तेव्हा बघ. एकदा चावलेली चिप परत त्याच बाऊलमध्ये जाते हे आजीनं आपल्या इथल्या पार्टीत पाहिलं होतं. तेव्हा ती काही बोलली नाही. आता स्वतःच्या घरात तिनं वाट्या काढल्या, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. डिप तुझं, रीत तिची, आणि दोन्हींना जागा मिळाली.

पण म्हणून उष्टं म्हणजे किळस, असं समजू नकोस. तू लहान असताना ताटात टाकलेली भाकरी आजीनंच खाल्लीय, कित्येकदा. आणि आम्ही शाळेत काय करायचो सांगू? खिशात एकच लिमलेटची गोळी आणि खाणारे तिघं-चौघं. मग ती गोळी शर्टाच्या टोकात गुंडाळायची, कापडावरून दातानं कडकन फोडायची आणि तुकडे वाटायचे. त्याला चिमणीच्या दातांनी तोडणं म्हणतात. मधे कापड आलं की गोळी उष्टी होत नाही, हा सगळ्यांना मान्य असलेला कायदा. शर्टाचं टोक दिवसभर चिकट राहायचं आणि घरी बोलणी बसायची. पण वाटून खायचं आणि समोरच्याला उष्टं द्यायचं नाही, हे दोन्ही त्यात सांभाळलं जायचं. आत्यांना विचार, त्याही सांगतील.

आता डिपचं. तू केलंस ते मूळचं अमेरिकेतलं. 1954 च्या सुमाराला लॉस एंजेलिसमध्ये कुणीतरी लिप्टनच्या कांद्याच्या सूपची सुकी पूड सावर क्रीममध्ये कालवली. करणाऱ्याचं नाव मागे राहिलं नाही, पण कृती घरोघर पसरली आणि पुढे कंपनीनंच ती पाकिटावर छापली. त्याला आधी कॅलिफोर्निया डिप म्हणायचे. चांगलंच लागतं ते. पण तू आत्ता जिथं आहेस तिथं पाकिटाची गरजच नाही. दही-कांदा तर आपल्याकडे रोजचा: बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून दही, आणि मीठ अगदी पानावर बसताना. मीठ आधी घातलं की कांद्याला पाणी सुटतं आणि दही पातळ होतं. डिप घट्ट हवं, म्हणून त्यासाठी दह्याचा चक्का कर आणि कांदा भाजून घे.

अर्धा लिटर दही स्वच्छ पंचात बांध. आजी श्रीखंडाला टांगते तसं खुंटीला नको. बेळगावच्या पावसात हवा दमट असते, दही आंबून जाईल. चाळणीत ठेव, खाली पातेलं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी चक्का मिळेल. तीन मध्यम कांदे उभे पातळ चीर. लोखंडी तव्यावर दोन चमचे तेल, त्यात कांदा, चिमूटभर मीठ, आणि आच मंद. इथं घाई करायची नाही. कांद्यात सुमारे 89 टक्के पाणी असतं. ते उडून जायला आणि आतली साखर भाजली जायला अर्धा-पाऊण तास लागतो. आधी कांदा मऊ पडेल, मग पिवळा होईल, मग तव्याला चिकटायला लागेल. चिकटला की पाण्याचा हबका मारून उलथन्यानं खरवडायचं, कारण खरी चव त्या खरवडीत असते. काकवीसारखा रंग आला की गॅस बंद. तव्यावर उरलेला ढीग बघून तुला वाटेल, एवढे कांदे गेले कुठं. तेवढाच होतो, घाबरू नकोस.

कांदा पूर्ण गार होऊ दे. गरम घातलास तर चक्का पाणी सोडेल. मग बारीक चिरून चक्क्यात मिसळ, दोन भाजलेल्या लसूण पाकळ्या ठेचून घाल, मिरपूड, मीठ, आणि आजीच्या डब्यातलं संकेश्वरी मिरचीचं तिखट अर्धा चमचा. ती मिरची आपल्याच जिल्ह्यातली, हुक्केरी तालुक्यातली. नुसत्या रंगासाठी हवं असेल तर ब्याडगी घाल, ती कमी तिखट. तासभर मुरू दे. आणि बुडवायला चिप्स कशाला? बाजारात तीळ लावलेली कडक भाकरी मिळते, पातळ, वाळवून कुरकुरीत केलेली. तिचे तुकडे मोडून घ्या. मला विचारशील तर या डिपला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

हे सगळं लवकर कर, कारण कांदेनवमी तोंडावर आलीय. आषाढ शुद्ध नवमीला आजी कांद्याची भजी, थालीपीठ, भाजी सगळं मनसोक्त करते, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगं सोडते. चातुर्मास आहे तो. पावसाळ्यात पचन मंदावतं, साठवणीचा कांदाही दमट हवेत सडतो, अशी कारणं घरोघर सांगतात. आजी मात्र विठोबासाठी सोडते, आणि तेवढं कारण तिला पुरतं. तिला आग्रह करू नकोस. नवमीला तुझं डिप भज्यांबरोबर ठेव, ती नक्की घेईल.

एकादशीनंतर तिच्यासाठी वेगळी वाटी करत जा. चक्क्यात काकडी किसून, पिळून घाल, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, थोडी साखर. कांद्याचा चमचा त्यात घालायचा नाही, एवढं सांभाळ. तुझी निपाणीची जैन मैत्रीण येईल तेव्हाही हीच वाटी चालेल. पण त्यांच्याकडे कांदा बारा महिने नसतो आणि इतरही नियम असतात, तेव्हा काय चालतं ते आधी तिला विचार.

येताना संकेश्वरी तिखट अर्धा किलो आण. आजीला म्हणावं दोन पिशव्यांत बांध, मागच्या वेळी कपड्यांना वास लागला होता.

तुझा,
बाबा