टाकी स्वच्छ, तरी पाणी दुधाळ का?

प्रश्न : माझी ४० लिटरची माशांची टाकी आहे. दर रविवारी सगळं पाणी बदलतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतो. तरी दोन दिवसांत पाणी पांढुरकं होतं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. काय चुकतंय?

उत्तर : अतिस्वच्छताच चुकतेय. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेमके हेच जिवाणू मारतं. मग दर आठवड्याला टाकी पुन्हा ‘नवी’, म्हणजे या जिवाणूंविना होते, अमोनिया साठतो आणि मासे धापा टाकतात. दुधाळपणा बहुधा पाण्यात मोकळ्या वाढणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंचा असतो. तो आपोआप निवळतो.

आज १० ते १२ लिटरच पाणी काढा. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा हलका पिळा, बस्स. नवं पाणी बादलीत घेऊन क्लोरीननाशक घाला, तापमान टाकीइतकं करा आणि सावकाश ओता. (रात्रभर ठेवलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडतं, काही ठिकाणी त्याऐवजी वापरलं जाणारं क्लोरामाइन मात्र नाही.) हवेचा पंप चालू ठेवा, खाद्य निम्म्यावर आणा.

द्रवरूप चाचणी संच घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत; दिसले की त्याच दिवशी पाव टाकी बदला. जिवाणू बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर नवा मासा आणू नका. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ८ च्या वर असेल तर जास्त जपा, कारण तिथे तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो.