सरकारी कार्यालयात ऑडिट येईपर्यंत हिशेबावर लक्ष कोण ठेवतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सीएची आर्टिकलशिप आणि कंपनीतली नोकरी करून तुम्ही पुण्यातल्या एका शासकीय कार्यालयात लेखाधिकारी म्हणून रुजू झालात. कंपनीत अंतर्गत वित्तीय नियंत्रणाची (चूक किंवा अपहार रोखण्यासाठी ठेवलेल्या पद्धतींची) दरवर्षी तपासणी व्हायची, इथे तसं काही दिसत नाही. महालेखापालांचं, म्हणजे शासनाचे हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाचं, पथक येईल तेव्हा येईल, मग मधल्या काळात आकडे खरे आहेत हे कोण बघतं? आणि सुरुवात कुठून करायची?

मी राज्याच्या लेखा सेवेतून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी पुण्यातच झाली, सेंट्रल बिल्डिंगमधल्या कार्यालयांत आणि कोषागारात, म्हणजे शासकीय बिलं पास करणाऱ्या कार्यालयात. त्या अनुभवावर सांगतो: मधल्या काळात बघणारे तुम्हीच.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४३ मुळे ऑडिटरला या नियंत्रणावर स्वतंत्र मत द्यावं लागतं. शासकीय विभागाला ते कलम लागू नाही. (महामंडळ कंपनी म्हणून नोंदलेलं असेल तर लागू होतं, आणि तिथला ऑडिटर कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, नेमतात.) विभागासाठी तीच व्यवस्था महाराष्ट्र कोषागार नियम १९६८ आणि मुंबई वित्तीय नियम १९५९ यांत आहे. नियम जुने असले तरी चांगले आहेत. अडचण एवढीच की बऱ्याच ठिकाणी ते सहीपुरते उरलेत.

'बिल कोषागारातून पास झालंय ना, मग झालं' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. ते मानू नका. कोषागार अनुदान (खर्चाची मंजूर तरतूद) बघतं, सही बघतं, बिल नमुन्यात आहे का, मंजुरीचा आदेश जोडलाय का हे बघतं, आणि त्रुटी असेल तर आक्षेप लावून परत पाठवतं. पण खुर्च्या खरोखर तुमच्या कार्यालयात उतरल्या का, हे तिथे बसलेल्या माणसाला कसं कळणार? बिलावर 'जडवस्तू नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या वहीत) पान अमुकवर नोंद घेतली' असा दाखला असतो. ते पान उघडून बघणं आणि मग उठून खुर्च्या मोजणं हे काम कार्यालयाचंच.

आता रोखवही. नियम असा की व्यवहार झाला की लगेच नोंद व्हायची आणि नोंदीसमोर कार्यालयप्रमुखाने तपासून लघुस्वाक्षरी करायची. बेरजा रोखवही लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या जबाबदार माणसाने तपासायच्या. महिनाअखेरीला रोख प्रत्यक्ष मोजून तारखेसह दाखला लिहायचा. तुमच्या कार्यालयातली मागच्या एखाद्या महिन्याची पानं उलटा. सगळ्या लघुस्वाक्षऱ्या एकाच पेनाने, एकाच वळणाने एकाखाली एक उतरत गेल्या असतील, तर साहेबांनी त्या एका बैठकीत केल्यात आणि एकही प्रमाणक (व्हाउचर) पाहिलेलं नाही. मुरलेल्या तपासणीसाला हे पान उलटतानाच कळतं. तुम्हालाही कळायला हवं.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे मासिक ताळमेळ. तुमच्या खर्च नोंदवहीतला आकडा कोषागाराच्या आकड्याशी आणि पुढे महालेखापालांच्या मुंबई कार्यालयात नोंदलेल्या आकड्याशी जुळवायचा. समजा, एका योजनेचं बिल दुसऱ्या योजनेच्या लेखाशीर्षाखाली (हिशेबातल्या खर्चाच्या सदराखाली) पडलं. पैसे योग्य माणसाला गेले, रुपयाचाही अपहार नाही. तरीही एका योजनेत अनुदान शिल्लक दिसतं, दुसरीत जास्त खर्च दिसतो, मार्चमध्ये त्याच आकड्यांवर रक्कम समर्पित होते (न वापरलेली म्हणून शासनाला परत केली जाते) आणि चूक विधानमंडळापुढे जाणाऱ्या विनियोजन लेख्यांपर्यंत (मंजूर तरतूद आणि झालेला खर्च यांच्या हिशेबापर्यंत) पोहोचते. दर महिन्याला ताळमेळ होत असेल तर वर्षाचे लेखे बंद व्हायच्या आत दुरुस्ती करता येते. आणि उलटं निघालं, म्हणजे कोषागाराच्या यादीत तुमच्या डीडीओ (आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे बिलावर सही करून पैसे काढणारा अधिकारी) कोडवर एखादं प्रमाणक आहे आणि तुमच्या बिल नोंदवहीत त्याची नोंदच नाही, तर बाकीची कामं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मूळ बिल मागवा. अपहार बाहेर येण्याची ही हमखास जागा आहे.

पासवर्डबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. सेवार्थ या पगारबिलांच्या संगणक प्रणालीत सहाय्यक माहिती भरतो आणि आहरण व संवितरण अधिकारी ती मंजूर करतो. पीएफएमएस या केंद्राच्या निधीवाटपाच्या प्रणालीवरही भरणारा आणि मंजूर करणारा वेगळा ठेवलेला आहे. साहेब दौऱ्यावर असतात, मार्चची घाई असते, म्हणून दोन्ही पासवर्ड आणि डिजिटल सहीचं डोंगल एकाच टेबलावर येतं. त्या क्षणी नियंत्रण संपलं. मग निवृत्त माणसाचा पगार चालू राहू शकतो, पुरवठादाराच्या नावापुढे भलताच खाते क्रमांक बसू शकतो, आणि नोंदीत सही मात्र अधिकाऱ्याची दिसते. जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडते. त्या लिपिकाच्या दृष्टीनेही हे वाईटच, कारण काही झालं की पहिला संशय त्याच्यावर येतो.

संक्षिप्त देयकांवर (खर्चाचा तपशील नंतर देण्याच्या बोलीवर काढलेल्या बिलांवर) पैसे काढले असतील तर तपशीलवार देयक ३० दिवसांत जायला हवं. प्रलंबित देयकांची यादी करून दर महिन्याला साहेबांसमोर ठेवा. मार्चअखेरीला अनुदान वाया जाऊ नये म्हणून काढून बँकेत ठेवलेली रक्कम सापडली तर तीही त्याच यादीत घ्या.

सुरुवात म्हणाल, तर मागच्या आर्थिक वर्षातला एकच महिना निवडा. त्या महिन्याची सगळी प्रमाणकं, रोखवही, बिल नोंदवही आणि कोषागाराची यादी शेजारी शेजारी ठेवून स्वतः जुळवा. जुन्या तपासणी अहवालातले परिच्छेदही वाचा. एकच आक्षेप पुन्हा पुन्हा येत असेल तर कार्यालयाची कमजोर जागा तुम्हाला आयती सापडेल. जे निघेल ते तोंडी सांगून सोडू नका, नस्तीवर (फाइलवर) टिपणी ठेवा: काय आढळलं, कोणता नियम, काय करायला हवं. साहेबांनी 'चर्चा करावी' एवढाच शेरा मारला, तर चर्चा झाल्यावर तिचा निष्कर्ष दोन ओळींत लिहून नस्ती पुन्हा सादर करा.