नकाशा शेवटी, खोल्यांची यादी आधी

कॅलिफोर्नियातल्या अनेक कॅम्पसच्या कम्युनिटी कॉलेजचा आराखडा करताना वास्तुविशारदाची चित्रं आधी बघू नका. आधी फ्युजन या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या इमारतींची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतली खोल्यांची नोंद घ्या आणि टेप घेऊन प्रत्यक्ष फिरा. प्रयोगशाळेचं गोदाम झालेलं असतं, पण कागदावर ती प्रयोगशाळाच राहते. मग क्षमता फुगलेली दिसते आणि राज्याच्या निधीच्या रांगेत प्रकल्प मागे पडतो.

किती जागा लागेल याचा हिशेब साप्ताहिक विद्यार्थी-संपर्क तासांवर, म्हणजे सगळे विद्यार्थी मिळून आठवड्याला वर्गात बसतात त्या तासांवर, चालतो. व्याख्यान-खोल्यांसाठी दर 100 तासांना 47.3 चौरस फूट, आणि 1,40,000 तास किंवा जास्त असतील तर 42.9. म्हणजे 10,000 तासांना 4,730 चौरस फूट. प्रयोगशाळेचं प्रमाण विषयागणिक बदलतं. वेल्डिंगला जीवशास्त्राचा आकडा लावू नका. ऑनलाइन तास मात्र वेगळे काढा, नाहीतर नसलेल्या गर्दीसाठी इमारत उभी राहील. प्रत्येक कॅम्पसचा हिशेब स्वतंत्र ठेवा, सरासरीत एकाची टंचाई दुसऱ्याच्या रिकाम्या खोल्यांत लपते.

पैशाचं म्हणाल, तर 2000 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 39 या कायद्यानुसार बांधकामासाठीच्या कर्जरोख्यांना 55 टक्के मतं पुरतात, पण प्रकल्पांची यादी मतदानाआधीच द्यावी लागते. यादीत नसलेलं काम नंतर घुसवता येत नाही. बांधकाम चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या वर्गांचा खर्चही त्यातच धरा. तोच हमखास विसरला जातो.