ऑफिसचे पीसी लिनक्सवर नेताय? आधी हे वाचा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले, तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, मिंट हा तिचा एक प्रकार.

दुकानदार म्हणतो जुने पीसी भंगारात घाला. खरं का? (म्हापसा)
त्याला नवे विकायचेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या जनरेशनपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो हे खरं, पण त्याच जुन्या मशीनवर एसएसडी (वेगवान डिस्क) घालून लिनक्स मिंट मस्त चालतं. आणि कोणी मिंटच्या 'लायसन्सचे' पैसे मागत असेल तर उठून चालू लागा, ते फुकट आहे. इन्स्टॉल करायची मजुरी द्या, ती रास्त आहे.

लिनक्सला व्हायरस लागत नाही ना? (मडगाव)
लागतो. कमी लागतो, एवढंच.

टॅली चालेल? (डिचोली)
सरळ नाही. अकाउंट्सचा एक पीसी विंडोज ११ वर ठेवा, बाकीचे हलवा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन (पेनड्राईव्हसारखा असतो तो) कुठल्या पीसीवर चालवायचा ते सीएला विचारून ठरवा, रिटर्नच्या आदल्या दिवशी नको.

देवस्थानची वीस वर्षांची इतिवृत्तं जुन्या मराठी फॉन्टात आहेत. लिनक्सवर उघडतील का? (फोंडा)
हा प्रश्न कोणीच वेळेवर विचारत नाही, तुम्ही विचारलात, बरं केलंत. त्या फायलींत मराठी नाहीच मुळी, आत इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत आणि वरून फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो, फॉन्ट गेला की 'महाजन' च्या जागी नुसता कचरा दिसतो. फॉन्टची फाईल लिनक्सवर टाकून वाचता येईल कदाचित, पण शोधता येणार नाही आणि नवीन टाईप करायचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजवरच चालतं, काहींना तर डोंगलही (पीसीला लावायची लायसन्सची किल्ली) लागतो. म्हणून जुना पीसी चालू आहे तोवरच सगळं युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड, कुठल्याही पीसीवर वाचता येतो) करून घ्या. कन्व्हर्टर मिळतात, पण 'शंभर टक्के बरोबर' म्हणणाऱ्यावर विश्वास नको, ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात, आकडेही तपासा, जमिनीचा सर्व्हे नंबर चुकला तर कोर्टात कोण जाणार? प्रत्येक फाईलची पीडीएफ काढा, मूळ फाईल पुसू नका, आणि कारकुनाला इनस्क्रिप्ट कीबोर्ड (मराठी टायपिंगची प्रमाण मांडणी) शिकवा, तो विंडोजवर आणि लिनक्सवर सारखाच असतो. कुठले कागद कायद्याने जपायचे ते वकिलाला विचारा.

प्रिंटर चालेल का? (वास्को)
मॉडेल सांगितलं नाहीत, मी काय सांगू? एचपीचे बहुतेक चालतात, कॅननचा एलबीपी २९०० छळतो. पेनड्राईव्हवरून मिंट लाईव्ह चालवा, इन्स्टॉल न करता एक पान छापून बघा.

चतुर्थीनंतर केलं तर चालेल? (कुडचडे)
मग दिवाळी, मग नाताळ, मग मार्च एंडिंग. अपडेट बंद झालेल्या पीसीवर बँकेचं काम करताय तुम्ही! बॅकअप आजच बाहेरच्या डिस्कवर घ्या, एक फाईल परत उघडून बघा, मग एकाच टेबलावरचा पीसी महिनाभर मिंटवर चालवा, आणि बाकीचे हलवायच्या आधी तुमच्या नेटवर्कवाल्याला ऑफिसात बोलवा.