घर सोडून आलेले मूल भेटल्यावर
आपण या कामात नवीन आहात, म्हणून सध्या मोजकेच सांगतो. बडनेरा किंवा वर्धा स्थानकावर एकटे मूल दिसल्यास "घरून का पळालास?" असे आधी विचारू नका; पाणी द्या, जेवण झाले का ते विचारा आणि शेजारी बसा, कारण ज्याच्याकडे घरात कोणी लक्षच दिले नाही, ते मूल चौकशीला घाबरते, सोबतीला नाही. मग १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर (चाइल्डलाइन) कळवा. दया येऊन मुलाला परस्पर गावी पोहोचवणे ही नेहमीची चूक आहे (मीही ती केली, आणि ते पोर आठवड्यात पुन्हा फलाटावर दिसले). कायद्याप्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. "तुला घरी पाठवणार नाही" असे वचन मात्र देऊ नका. तो निर्णय समितीचा असतो.